रिकामे नसलेले तीन डबे

दिवाळी झाली आणि कंचनबाईंचं डोकं जे फिरलं, ते महिनाभर ताळ्यावर आलं नाही. घोडेगावच्या बाजारपेठेतलं, पुढं किराणा दुकान असलेलं घर विकलं गेलं होतं. एकुलत्या मुलानं, पारसनं, नारायणगावात हायवेला पंप आणि पाइपांचं दुकान टाकलं होतं. दुकानामागेच नवं घर बांधून तयार होतं, आणि धनुर्मास लागायच्या आत तिथं राहायला जायचं, असं नवऱ्यानं, नथमलशेठनी, जाहीर करून टाकलं. तारीख निघाली नऊ डिसेंबर. सन दोन हजार एक.

जाहीर केलं म्हणजे कसं, तर जेवण झाल्यावर, ताटावरून उठता उठता. बत्तीस वर्षांच्या संसारात नथमलशेठनी मोठमोठ्या गोष्टी कायम अशाच सांगितल्या होत्या, हात धुवायला मोरीकडे जाताना. ऐकणाऱ्यानं काही बोलावं, तोवर ते चूळ भरत असायचे.

मग मोजामोज सुरू झाली. कपाटं किती, गाद्या किती, पितळेची भांडी किती, किराणा दुकानातली मांडणी न्यायची की मोडीत घालायची. पारसची बायको जागृती एका वहीत सगळं लिहून घेत होती. कंचनबाई वाट बघत राहिल्या की कुणीतरी मागच्या अंगणाचं नाव काढेल. चार दिवस वाट बघून त्यांनीच काढलं.

"झाडांचं काय?"

"कसली झाडं?" नथमलशेठ म्हणाले.

आपण बापापेक्षा बरं उत्तर देतोय, असं पारसला वाटलं असावं; आईला तो बाईच म्हणायचा. "बाई, तिथं हायवेलाच नर्सरी आहे. एका दिवसात सगळं नवं आणू. क्रोटन आणू, रंगीत असतं ते."

"मला रंगीत पाला नकोय," कंचनबाई म्हणाल्या आणि उठून मागच्या दारी गेल्या. तिथं उभं राहिलं की राग जरा उतरायचा. त्या दिवशी उतरला नाही.

कंचनबाईंचं माहेर बेल्ह्याचं. एकोणसत्तर साली लग्न होऊन त्या घोडेगावात आल्या, तेव्हा या मागच्या जागेत बंबाची राख, फाटकी पोती आणि गुळाच्या ढेपांचं उलगडलेलं पाचट पडलेलं असायचं. सासूबाई कडक. सकाळी सामायिक, म्हणजे जैनांचं दोन घटका ध्यान, केल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. मातीत हात घालायचा म्हणजे किती जीव मरतात याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. कंचनबाईंनी वर्षभर ऐकून घेतलं. मग एका उन्हाळ्यात, सासूबाई लेकीकडे गेल्या असताना, पोती उचलून टाकली, राख पसरली आणि माहेराहून आणलेला मोगरा लावला. सासूबाई परत आल्या तेव्हा पहिली कळी धरली होती.  पुढची सात वर्षं त्या रोज सकाळी पूजेला फुलं त्याच झाडाची मागायच्या.

मोगऱ्यामागून जुई आली, सोनटक्का आला, निशिगंध, लिली, शेवंती. सोनचाफ्याचं कलम नणंदेनं दिलं होतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या शेठाणीच्या अंगणात निशिगंधाचे कांदे पुरलेले, म्हणून शेजारणी हसायच्या. कंचनबाई आपलं खुरपं चालवत राहायच्या. खाण्यासाठी उपटणं वेगळं आणि जगवण्यासाठी पुरणं वेगळं, एवढं ज्याला कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं!

आणि भुईचाफा. तो अंबाबाईनं दिलेला. अंबाबाई डोंगरातल्या आहुप्याची. बाजाराच्या दिवशी पहाटेच निघून, करवंदं नाहीतर रानातली भाजी घेऊन घोडेगावात यायची आणि पाटी दुकानाच्या पायरीशी टेकवायची. कंचनबाई तिला पाणी द्यायच्या, कधी चहा. एका बाजाराला तिनं ओच्यातून चारपाच वेडेवाकडे गड्डे काढून दिले.

"ह्ये लाव, बाय. फूल आदी येतंय, पान मागनं."

"देवराईतलं तर नाही ना आणलंस?"

"आगं, देवाचं कोण आनतंय! घरामागचं हाय."

त्याला आता वीस वर्षं झाली होती. दिवाळीनंतर भुईचाफ्याची पानं पिवळी पडून जमिनीत जिरून जायची. थंडीभर तिथं नुसती माती. माहीत नसणाऱ्याला वाटावं, इथं काही नाहीच. मग चैत्र-वैशाखात एके सकाळी त्या कोरड्या मातीतून, पानाचा पत्ता नसताना, जांभळी-पांढरी फुलं थेट वर यायची. अंबाबाई जाऊन सात वर्षं झाली होती. फुलं येतच होती.

हे सगळं नारायणगावला न्यायचं होतं, आणि घरात दुसऱ्या एकाही माणसाला ते न्यायचं नव्हतं.

निदान हंगाम तरी बाजूनं होता. थंडीत झाडं अर्धी झोपलेली असतात, मुळं हलवली तरी फार ओरड करत नाहीत. कंचनबाईंनी मोगरा ढोपराएवढा छाटला, चारी बाजूंनी खणून मुळं गोणपाटात बांधली. सोनटक्क्याचे गड्डे काढले, निशिगंधाचे कांदे सुकवले. शेवंतीनं मात्र वैताग दिला. वर्षभर मुकाट असलेली शेवंती ऐन डिसेंबरात भरून फुललेली; तिला हलवायचं म्हणजे वरातीतून नवरी उचलून नेण्यासारखं. पहाटे बोटं बधिर व्हायची, खुरपं हातात धरवायचं नाही. एवढं करून वर सल्ले. दूधवाला म्हणाला, आत्ता नका हलवू. गल्लीतला गुरव म्हणाला, आधीच हलवायला हवी होती. जागृती म्हणाली, "मम्मी, तुमची कंबर धरेल हं," आणि वही घेऊन आत गेली.

पण खरी कटकट डब्यांची होती. झाडं ठेवायला तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे हवे होते, आणि ते नथमलशेठच्या ताब्यात. रिकामा डबा ही त्यांच्या लेखी फार मोठी वस्तू. एकेक डबा देताना ते असं बघायचे, की जणू पोटचं पोर दत्तक देतायत. कसेबसे सव्वीस मिळाले. त्यातल्या तीन डब्यांत भुईचाफा. वर काहीच दिसत नाही म्हणून कंचनबाईंनी त्या तिन्हींवर गेरूनं फुल्या मारल्या आणि ते भिंतीशी वेगळे लावले.

"अहो, या तिन्हींना हात लावायचा नाही. आत गड्डे आहेत," त्यांनी सांगितलं.

"बरं."

दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. "बरं म्हटलं ना," नथमलशेठ म्हणाले.

नऊ तारखेला टेम्पो सकाळी सातला येणार होता. तो साडेअकराला आला. टेम्पोवाला सोपान, मूळचा डिंगोऱ्याचा, एरवी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहायचा. टेम्पोच्या फळ्यांना टोमॅटोचा रस वाळून चिकटलेला, आणि सोपानचं तोंड गाडी थांबली तरी चालूच.

"मावशी, काय सांगू, कळंबला लई ट्रॅफिक. आन् थंडी अशी की गाडी चालूच हुईना. तुमी बसा निवांत, मी हाय ना."

मी हाय ना, म्हणणाऱ्या माणसावर कंचनबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्यातून मुहूर्त दीडचा. त्याच्या आत घरच्या बाईनं कलश घेऊन नव्या घराचा उंबरा ओलांडायला हवा होता. म्हणजे त्यांना आणि जागृतीला जीपनं पुढं निघणं भाग होतं. मागं राहणार नथमलशेठ आणि सोपान. कंचनबाई जीपमध्ये एक पाय ठेवून पुन्हा उतरल्या, मागच्या दारी गेल्या, नवऱ्याला हाताला धरून त्या तीन डब्यांसमोर उभं केलं.

"हे तीन. कळलं?"

"अगं मुहूर्त टळेल, जा आता."

सोपानलाही बजावलं. "झाडांवर ताडपत्री टाक. वाऱ्यानं मरतात ती."

"टाकतो की, मावशी."

कलश घेऊन उंबरा ओलांडला, भटजींनी मंत्र म्हटले, दूध उतू गेलं, सगळे टाळ्या वाजवून हसले. मग कंचनबाई घर बघायला म्हणून मागच्या दारी गेल्या आणि तिथंच थांबल्या. पारसनं त्यांना सांगितलं होतं, की मागं बागेपुरती जागा सोडलीय. मागं भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत कोबा होता. कोपऱ्यात परातीएवढं एक गोल भोक ठेवलं होतं आणि त्यात मुरूम.

"पारस, जागा कुठाय?"

"ही काय, बाई." त्यानं भोकाकडे बोट दाखवलं. "अशोकाचं झाड लावू. बाकी पार्किंगला लागेल ना. चिखल पण होणार नाही."

चिखल होणार नाही याचा त्याला इतका आनंद झाला होता, की कंचनबाई तिथूनच मागं फिरल्या.

टेम्पो आला पाचला. ताडपत्री होती, नीट घडी करून सोपानच्या सीटखाली. पस्तीस किलोमीटरच्या गार वाऱ्यानं शेवंतीची अर्धी फुलं झडलेली, उरलेली माना टाकून बसलेली. सोनचाफ्याचा शेंडा कपाटाच्या पायाखाली येऊन मोडलेला. कंचनबाईंनी एकेक डबा उतरवून घेतला. गेरूची फुली असलेला पहिला डबा सोपानच्या हातातून घेताना जड लागला. भलताच जड. आत दुकानातली लोखंडी वजनं होती. दुसऱ्यात पितळी मापं. तिसऱ्यात नथमलशेठचे जोडे, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"यातली माती कुठाय?" त्यांनी विचारलं.

नथमलशेठना वाटलं, कौतुक चाललंय. "जागा किती वाचली बघ! रिकामी माती होती तिन्हींत. म्हटलं, माती काय, इथंही मिळेल."

 कंचनबाई जे बोलल्या ते हायवेपर्यंत ऐकू गेलं असावं.

"रिकामी माती? तीनदा सांगितलं मी तुम्हाला! हाताला धरून दाखवलं! बत्तीस वर्षं त्या अंगणात दात घासायला येत होता तुम्ही, तिथं काय उगवतं ते एकदा तरी खाली बघितलंत का?"

 भटजी दक्षिणेची वाट बघत होते, ते भिंतीकडे बघू लागले. नथमलशेठ म्हणाले, "अगं, फुली मारली होतीस म्हणून मला वाटलं, हे तीन टाकायचे."

 दुसऱ्या दिवशी कंचनबाई सकाळी उठल्या, आंघोळ केली, पिशवीत खुरपं घातलं, जागृतीला म्हणाल्या, "घोडेगावला जाऊन येते," आणि रस्ता ओलांडून एसटीला हात केला. सोबत कुणी नसताना त्या इतक्या वर्षांत कधी एसटीत बसल्या नव्हत्या. मंचरला गाडी बदलायची, तर घोडेगावची गाडी अर्धा तास नाही. आली ती खच्चून भरलेली. एका पोत्यावर बसून त्या विचार करत राहिल्या, की मी बावन्नाव्या वर्षी माती शोधायला निघालेय आणि याचा कुणाला पत्ताच नाही. हसू यायला हवं होतं. आला तो रागच.

घर विकत घेतलं होतं निरगुडसरच्या सयाजी पाटलांनी. त्यांचा मुलगा घोडेगावच्या कचेरीत नोकरीला, म्हणून. कंचनबाई पोचल्या तोवर मागच्या अंगणात गवंडी कामाला लागलेले. न्हाणीघराचा पाया भरत होते, आणि भरायला भिंतीकडेची माती फावड्यानं ओढत होते. जिथं ते तीन डबे उपडे केले असणार, ती जागा साफ खरवडून काढलेली होती.

 कंचनबाई जुन्या धुण्याच्या दगडावर बसल्या.

आतून सयाजींची बायको प्रयागबाई आली. साठीची, उंच, डोक्यावरचा पदर घट्ट, कपाळावर आठ्या. "कोन पावणं?"

"मी कंचनबाई. कालपर्यंत या घरात होते."

"आगं बया! काय ऱ्हायलं का?"

आता हिला काय सांगायचं? कंचनबाईंनी सांगून टाकलं. माती टाकली होती, त्यात गड्डे होते, भुईचाफ्याचे, वरून काही दिसत नाही, नवऱ्यानं ऐकलं नाही. बोलता बोलता आवाज चिरकला त्याचीही लाज वाटली.

 प्रयागबाई आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात, माती झटकून, ओळीनं मांडलेले अकरा गड्डे.

"ह्ये का?"

कंचनबाईंनी एकेक गड्डा बोट लावून मोजला.

"सकाळी गवंडी वडत व्हता, त्यात दिसलं. मला वाटलं आंबेहळद. येक चावून बगितला, तर कडूजहर! पन म्हनलं, जित्ता गड्डा हाय, मातीत कुटं चेंगरायचा. ठिवला बाजूला." मग त्या गवंड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या बापय मान्सांना वर हिरवं दिसंल तवाच झाड म्हनायचं कळतंय. न्हाई तर समदं रिकामं."

कंचनबाईंना हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. प्रयागबाईंनी तिकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. त्यांचीही तक्रार तयारच होती. निरगुडसरचं चांगलं मोकळं घर सोडून, मुलाचा डबा करायला म्हणून या गल्लीत येऊन पडावं लागणार होतं. तिथं दारात पारिजातक होता, कढीपत्ता होता, आणि नवरा म्हणाला होता, हितं काय न्हाई का मिळत? दोघी धुण्याच्या दगडावर बसून आपापल्या नवऱ्यांना तासभर बोलल्या. बोलून पोट भरलं. प्रयागबाईंनी पिठलं-भाकरी पुढं केली. कंचनबाईंनी पिठल्यात कांदा आहे का विचारलं, होता, म्हणून भाकरी नुसत्या तिखटाबरोबर खाल्ली.

निघताना त्यांनी पाच गड्डे सुपात ठेवले. "हे तुम्हाला. इथंच लावा, पण न्हाणीघरापासून लांब."

"आन् ह्यो उष्टा?" प्रयागबाईंनी दात लागलेला गड्डा उचलून दाखवला.

"तो मी नेते."

घरी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर या घरात कुणी जेवत नाही. नथमलशेठ ओट्यावर बसून होते; बायको नाही म्हणून त्यांनी वेळेत ताटावर बसायचं टाळलं होतं आणि आता उपाशी होते. याचंही कंचनबाईंना वाईट वाटायच्या ऐवजी रागच आला. जागृतीनं वाढलं असतं की! पण ते उपाशी राहिले, आणि आता त्याचंही ओझं आपल्यावर.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"सापडलं. एका पाटलिणीला कळलं, ते तुम्हाला कळलं नाही," कंचनबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नंतरचे चार दिवस झाडांचे डबे कोब्यावर ओळीनं उभे. उन्हानं सिमेंट तापायचं, रात्री गार पडायचं. पारस म्हणे, एवढा खर्चून केलेला कोबा फोडायचा कसा? कंचनबाई म्हणत, केला कुणाला विचारून? पाचव्या दिवशी सोपान आपला विसरलेला दोर न्यायला आला. त्यानं डबे बघितले, कोबा बघितला, आणि न विचारता बोलायला लागला.

"मावशी, ही मुळं ह्यात गुदमरत्याल. भुईत पायजेत."

"भुई कुठाय?"

"खाली हाय की. कोब्याखाली दुसरं काय असनार?"

त्याच्या टेम्पोत पहार होती. कंचनबाईंनी पारसकडे बघितलं नाही. भिंतीलगत खडूनं रेघ मारली, चार फूट रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, "फोड."

पहिला घाव बसला तसा पारस दुकानातून पळत आला. "बाई! पप्पा, सांगा ना हिला!"

नथमलशेठ आतून आले. रेघ बघितली. भिंतीला त्यांची स्कूटर उभी होती, ती रेघेच्या आत येत होती. त्यांनी स्टँड काढलं, स्कूटर ढकलत पुढच्या दारी नेली आणि पुन्हा आत जाऊन बसले. कंचनबाईंना वाटलं, एवढं केलं तर चार शब्द पण बोलावेत माणसानं. पण नाही.

सोपाननं दुसऱ्या दिवशी डिंगोऱ्याहून शेतातली माती आणली. आणताना वाटेत तिसऱ्याच कुणाचे क्रेट पोचवत बसला, त्यामुळे सकाळची माती संध्याकाळी आली, ती गोष्ट वेगळी.

सगळं जगलं नाही. सोनचाफा संक्रांतीच्या आत वाळला. शेवंती कशीबशी तगली, पण पुढच्या थंडीत दोनच फुलं. जुई तीन वर्षं फुगून बसली होती. पानं येत, कळी नाही. मोगऱ्याला मात्र घर बदललं हे कळलंच नसावं. सहा गड्ड्यांतले चार एप्रिलात वर आले. प्रयागबाईंनी दात लावलेला गड्डा त्यात होता की नाही, ते सांगता येत नाही. सकाळी पहिलं फूल नथमलशेठना दिसलं. "अगं, मातीतून काहीतरी जांभळं निघालंय," ते ओरडले, आणि कंचनबाई धावत जाऊन बघतात तर त्यांची चप्पल फुलापासून चार बोटांवर.

पुढं दोन हजार सातमध्ये पारसनं पुण्याचं काढलं. बिबवेवाडीत फ्लॅट, चौथा मजला, लिफ्ट, जैन मंदिर चालत पाच मिनिटांवर. त्यानं कागदावर नकाशा काढून दाखवला. कंचनबाईंनी नकाशा बघितला आणि दोन दिवस मनात उत्तर जुळवलं. पहिल्यापासून सगळं. कुणी काय विचारलं नाही, कुणी काय टाकलं, कुणी काय फोडलं. यावेळी एकेक मुद्दा ऐकवायचाच, मध्ये कुणाला बोलू द्यायचं नाही, असं पक्कं ठरवून त्या वाढायला बसल्या.

पारसनं विषय काढला. कंचनबाईंनी डाव खाली ठेवला, घसा साफ केला.

"आम्ही दोघं इथंच राहू," नथमलशेठ म्हणाले. "हिला तिथं करमायचं नाही." आणि ताटावरून उठून चूळ भरायला गेले.

पारस बरं म्हणाला. जागृती ताटं गोळा करायला लागली. दोन दिवस जुळवलेलं सगळं कंचनबाईंच्या तोंडात तसंच राहिलं. मला विचारायचं तरी, त्या मोरीच्या दिशेनं म्हणाल्या. पण तिकडे नळ सोडलेला होता.